एका गोळीत दोन औषधं: बीपीच्या एकत्र गोळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. बीपीची गोळी न्यायला येणारी माणसं रिकामी स्ट्रिप पुढे करतात किंवा म्हणतात, ‘ताई, ती दोन रंगांची द्या.’ त्या दोन रंगांच्या गोळीत बहुतेक वेळा दोन औषधं असतात, कधी तीनही. गोळी एक, म्हणून औषधही एकच असं धरून माणसं चालतात आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. काउंटरवर मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे उत्तरांसह लिहिले आहेत. तुमचा डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. ठरलेला डोस सांभाळून कसा घ्यायचा, एवढंच मी सांगते.

माझ्या गोळीत नक्की काय आहे, हे कसं ओळखू?

वाचता वाचता उठा आणि स्ट्रिप घेऊन या. मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत औषधांची खरी नावं आणि त्यांचे मिलिग्रॅम छापलेले असतात. तेच वाचायचं. डोळ्यांना जड जात असेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा किंवा नातवंडांकडून वाचून घ्या.

आपल्याकडे सर्रास दिसणारी जोडी म्हणजे टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन. स्ट्रिपवर ४० आणि ५ असे आकडे असतील तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. दुसरी जोडी टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध यांची. हे औषध हायड्रोक्लोरोथायझाइड असतं किंवा क्लोरथॅलिडोन. काहींच्या गोळीत हृदयाचे ठोके मंद करणारं मेटोप्रोलॉल असतं, काहींच्या अ‍ॅम्लोडिपिनच्याच कुळातलं सिल्निडिपिन.

नावापुढच्या शेपटीकडे नीट लक्ष द्या. ‘एएम’ म्हणजे बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ म्हणजे क्लोरथॅलिडोन, ‘एएमएच’ म्हणजे तीन औषधं एकत्र. ‘बहुधा’ म्हणते, कारण या अक्षरांचा सगळ्या कंपन्यांना बांधणारा नियम नाही. नाव तेच आणि शेपटी वेगळी असेल तर औषध वेगळं. म्हणून दुकानात नुसतं पहिलं नाव सांगून गोळी मागू नका. चिठ्ठी दाखवा, आणि घरी नेण्याआधी जुनी स्ट्रिप नव्या स्ट्रिपशेजारी धरून बारीक अक्षरं ताडून बघा. यात केमिस्टचा अपमान होत नाही. माझ्या दुकानात कोणी असं ताडून बघितलं की मला बरंच वाटतं.

दोन औषधं कशाला? एकाच औषधाचा डोस वाढवून चालत नाही का?

कधी कधी चालतं. पण बीपी वाढायला कारण एकच नसतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळले जातात, मूत्रपिंडाकडून सुरू होणारी संप्रेरकांची साखळी त्यांना आणखी आवळते, शरीरात मीठ-पाणी साठतं. अ‍ॅम्लोडिपिन त्या स्नायूंना सैल करतं. टेल्मिसार्टन संप्रेरकांचा हुकूम रक्तवाहिनीपर्यंत पोचू देत नाही. लघवीचं औषध जादा मीठ-पाणी बाहेर काढतं. यांतला एकच रस्ता अडवला की शरीर दुसऱ्या रस्त्याने बीपी पुन्हा वर ढकलायला बघतं. म्हणून दोन रस्ते थोडे थोडे अडवणं जास्त कामाचं ठरतं. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं दुसरं औषध जोडल्याने बीपी सुमारे पाचपट जास्त उतरतं असं दिसलं.

डोस कमी राहिला की त्रासही कमी होतो. शिवाय तीन गोळ्यांपेक्षा एक गोळी रोज लक्षात ठेवणं सोपं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बीपीच्या अशा जोडगोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या, आणि २०२१ च्या मार्गदर्शनात उपचाराची सुरुवातच दोन औषधांनी, जमेल तिथे एका गोळीत, करायला हरकत नाही असं सांगितलं. तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एकत्र गोळी दिली तर ‘माझं फारच वाढलंय की काय’ असं मनात आणू नका.

दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या आहेत. दोन्हीकडच्या गोळ्या घेतल्या तर?

या प्रश्नावर मी थोडी थांबणार आहे, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझी मावशी अडुसष्ट वर्षांची, दुसऱ्या गावात राहते. गावातल्या डॉक्टरांकडून ती बरीच वर्षं अ‍ॅम्लोडिपिन ५ घेत होती. पुढे शुगरसाठी शहरात दाखवलं, तिथे बीपी जास्त दिसलं आणि टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची एकत्र गोळी मिळाली. जुनी बंद करायची, हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून ती दोन्ही घेत राहिली. महिना-दीड महिन्यात पाय इतके सुजले की चप्पल जाईना. सुजेसाठी तिसरीकडे लघवीची गोळी मिळाली. मग एका पहाटे न्हाणीघरात उठताना चक्कर येऊन ती पडली आणि मनगट मोडलं. मी तिला रोज फोनवर विचारायचे, ‘मावशी, गोळी घेतलीस ना?’ कोणती घेतलीस, हे मी एकदाही विचारलं नाही. पिशवीतल्या स्ट्रिपा हातात आल्या तेव्हा कळलं की ती अ‍ॅम्लोडिपिन दिवसातून दोनदा घेत होती.

म्हणून नवीन चिठ्ठी हातात आली की डॉक्टरांना एवढं एकच विचारा: ‘आधीच्यातली कोणती बंद करायची?’ उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्या. बंद झालेल्या स्ट्रिपा त्याच दिवशी घरातून काढा. ‘असू दे, लागेल कधी’ म्हणून जपलेल्या स्ट्रिपाच पुन्हा पोटात जातात.

औषध दुप्पट होण्याखेरीज दुसराही एक धोका आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही एका कुळातली औषधं. रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्यांची चुलत भावंडं. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल एकत्र देऊन २००८ साली एक मोठा अभ्यास झाला. त्यात फायदा वाढला नाही, मूत्रपिंडाचा आणि बीपी फार उतरण्याचा त्रास मात्र वाढला. तुमच्या चिठ्ठ्यांवर ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ अशी दोन्ही शेपटांची औषधं दिसली तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

पाय सुजतात. हे औषधामुळे असेल का?

गोळीत अ‍ॅम्लोडिपिन असेल तर शक्य आहे. संध्याकाळी घोट्यांवर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो, सकाळी सूज ओसरते. डोस ५ वरून १० झाल्यावर हे जास्त दिसतं, आणि सोबत टेल्मिसार्टन असेल तर थोडं कमी. ही सूज अंगात पाणी वाढल्यामुळे आलेली नसते. बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाणी आजूबाजूला झिरपतं, म्हणून ती येते. त्यामुळे लघवीची गोळी वाढवून ती फारशी उतरत नाही आणि त्या गोळीचे त्रास वर येतात. मावशीचं तेच झालं. डॉक्टर अ‍ॅम्लोडिपिन कमी करतील किंवा बदलून देतील. सिल्निडिपिनने सूज कमी येते, म्हणून पुष्कळदा ते दिलं जातं.

एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल, दम लागत असेल, चेहरा सुजला असेल तर गोळीला दोष देत घरी बसू नका, दाखवून घ्या. ओठ, जीभ किंवा घसा अचानक सुजला तर सरळ दवाखाना गाठा. सार्टन आणि प्रिल गटाच्या औषधांनी क्वचित असं होतं आणि त्यात श्वास अडकू शकतो.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री?

तुम्हाला रोज जमेल त्या वेळी. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी आणि संध्याकाळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचं प्रमाण वेगळं दिसलं नाही. गोळीत लघवीचं औषध असेल तर मात्र सकाळीच घ्या, नाहीतर रात्री दोनदा-तीनदा उठावं लागेल, आणि म्हातारी माणसं अंधारात अशीच पडतात. जेवणाआधी की नंतर, याने या जोड्यांत मोठा फरक पडत नाही. चहाच्या वेळेशी किंवा देवपूजेशी सांगड घातली की विसर पडत नाही.

एक दिवस विसरलो. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ?

नाही. त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं तर त्या दिवशीची एकच. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही शरीरात बराच वेळ टिकतात, एका चुकलेल्या गोळीने आभाळ कोसळत नाही. घेतली की नाही तेच आठवत नसेल तर दुसरी घेऊ नका.

आता बीपी १२०-८० येतंय. मग गोळी बंद करू?

ते तसं येतंय ते गोळीमुळे. बंद केली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा चढतं, आणि चढताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही म्हणून बीपी नाही, हे धरून चालणाऱ्यांना मी पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर दुकानात आलेलं पाहिलं आहे.

‘गोळीची सवय लागते’ हेही खरं नाही. दारू-तंबाखूसारखं व्यसन या गोळ्यांना नसतं. वजन दहा किलोने उतरलं, मीठ कमी झालं, चालणं सुरू झालं, तर डॉक्टर हळूहळू डोस कमी करतात. काहींची सुटतेही. मात्र ते मोजमाप ठेवून आणि पायरीपायरीने. गोळीत मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असेल तर एकदम थांबवणं धोक्याचं आहे. छातीत दुखणं, धडधड आणि हृदयाचा त्रास उसळू शकतो. गावी जाताना स्ट्रिप घरी राहिली तर तिथल्या केमिस्टला चिठ्ठीचा फोटो दाखवा, पण चार दिवस तसेच काढू नका.

बीपीच्या गोळ्यांनी किडनी खराब होते म्हणतात. खरं आहे?

किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीने. शुगर असेल आणि लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टनसारखी औषधं उलट किडनीला आधार म्हणूनच दिली जातात.

ही समजूत कुठून आली, तेही सांगते. सार्टन सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) थोडं वर जाऊ शकतं, कारण किडनीच्या गाळण्यांवरचा दाब कमी होतो. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. त्याहून जास्त वाढलं, किंवा पोटॅशियम वर गेलं, तर औषध थांबवून कारण शोधतात. हे कळण्यासाठी रक्त तपासावं लागतं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं, निदान वर्षातून एकदा. लघवीचं औषध असेल तर सोडियम आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं, युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठ्याचा सांधा ठणकू शकतो. म्हातारं माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागलं, चालताना झोक जाऊ लागला, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी सोडियम तपासा.

अंगदुखीला एखादी गोळी घेतली तर चालेल ना?

यावर मी कितीही बोलले तरी मला ते कमीच वाटतं.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही दुखण्यावरची औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या गोळीचा परिणाम मारतात. ‘गोळी चालू असून बीपी उतरत नाही’ म्हणणाऱ्यांच्या पिशवीत ही गोळी अनेकदा सापडते. खरा धोका तिघं एकत्र आल्यावर असतो: सार्टन किंवा प्रिल, लघवीचं औषध आणि दुखण्यावरची गोळी. तिघं मिळून किडनीकडे जाणारं रक्त इतकं कमी करू शकतात की ती अचानक काम थांबवते. त्यात उलट्या-जुलाब झालेले असले तर फारच.

ऊसतोड, सोयाबीनची काढणी, भात लावणी या दिवसांत माणसं कंबर धरून येतात आणि ‘ती लाल गोळी द्या’ म्हणतात. बीपीची गोळी चालू आहे का, हे मी विचारते. मी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल त्यामानाने बरी, तीही चार-दोन दिवस. रोज भरपूर घेत राहिलं तर तिनेही बीपी थोडं चढतं. शेक, विश्रांती आणि वरून लावायचं मलम आधी करून बघा.

गुडघेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्या अजिबात नकोत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. त्याने दुखणं जादूसारखं थांबतं आणि बीपी-शुगर दोन्ही चढतात.

सर्दीच्या गोळ्या, काढा, अ‍ॅसिडिटीची पावडर?

नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात. त्यांच्याऐवजी वाफ घ्या, मिठाच्या पाण्याने नाक धुवा. काढ्यातलं आलं-तुळस-गवती चहा चालेल. जेष्ठमध मात्र रोज घेऊ नका, त्याने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. पाण्यात फसफसणाऱ्या अ‍ॅसिडिटीच्या पावडरीत सोडा, म्हणजे सोडियम असतं. कधीतरी घेतली तर ठीक, रोजची सवय नको.

क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक चालू झालं तर अ‍ॅम्लोडिपिनचा परिणाम वाढून बीपी फार उतरू शकतं. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन असेल तर अ‍ॅम्लोडिपिनसोबत ते २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर सार्टन आणि लघवीचं औषध दोन्ही त्याची रक्तातली पातळी वाढवतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवलीच पाहिजे.

कमी सोडियमचं मीठ आणलं आहे. ते तर चांगलंच ना?

सगळ्यांना नाही. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि टेल्मिसार्टन शरीरात पोटॅशियम राखून ठेवतं. किडनी चांगली असेल आणि डॉक्टरांना माहीत असेल तर ते मीठ उपयोगाचं आहे. किडनीचा त्रास असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम राखून ठेवणारं लघवीचं औषध) चालू असेल तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी रोज शहाळं पिण्याआधीही विचारावं. सैंधव मीठ उपासाला चालतं म्हणून बीपीलाही चालतं असं नाही. तेही सोडियमच. आणि पानात वरून मीठ घेत नाही म्हणणारी मंडळी पापड, लोणचं, खारी शेंग, सुकट यांचा हिशोब धरत नाहीत.

उपवास, वारी, उन्हाळा, जुलाब... तेव्हा गोळीचं काय?

एकादशीला गोळी पाण्याबरोबर घ्यावी. गोळीने उपवास मोडत नाही, असं मी लोकांना सांगते आणि बहुतेकांना ते पटतं. निर्जळी उपवास मात्र लघवीचं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आळंदीहून पंढरपूरला पायी जायला जवळपास तीन आठवडे लागतात. निघताना पंचवीस दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या, कारण पाऊस गाठतोच. गोळ्या दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात टाकू नका, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घामाने मीठ-पाणी जातं, त्यात गोळीने रक्तवाहिन्या सैल असतात. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पलंगावरून उठताना आधी बसा, पाय हलवा, मग उभे राहा. मे महिन्यात वारंवार चक्कर आली तर बीपी मोजून डॉक्टरांना कळवा. काहींचा डोस उन्हाळ्यापुरता कमी करावा लागतो.

जुलाब-उलट्या चालू असतील, पाणी पोटात राहत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ‘आजची गोळी घेऊ का’ विचारा. सार्टन आणि लघवीचं औषध अशा वेळी एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. खाणंपिणं सुरू झाल्यावर पुन्हा सुरू करायला विसरू नका.

गोळी अर्धी करू? आठवड्याच्या डबीत भरून ठेवू?

दोन रंगांच्या गोळीत दोन थर असतात. टेल्मिसार्टनच्या थरात क्षार असतो, अ‍ॅम्लोडिपिनला तो मानवत नाही, म्हणून पुष्कळ कंपन्या दोन्ही वेगळ्या थरांत बसवतात. घरी मोडून दोन्हींचा निम्मा-निम्मा डोस मिळेल याची खात्री नसते. डोस कमी हवा असेल तर कमी मिलिग्रॅमची गोळी लिहून घ्या. ‘ईआर’ किंवा ‘एक्सएल’ लिहिलेल्या मेटोप्रोलॉलच्या गोळ्या कुटू किंवा चावू नका, दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटेल.

टेल्मिसार्टन हवेतला ओलावा शोषून घेतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडी ठेवलेली गोळी मऊ पडून चुरा होते. म्हणून ती स्ट्रिपमधून घेतानाच काढायची. डबी वापरायचीच असेल तर कात्रीने स्ट्रिपचे चौकोन कापा आणि गोळी पाकिटासकट डबीत ठेवा.

मुलगी बाळाचा विचार करते आहे आणि तिला बीपीची गोळी चालू आहे.

दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना सांगा. सार्टन आणि प्रिल गटाची औषधं गरोदरपणात चालत नाहीत. विशेषतः चौथ्या महिन्यापासून बाळाच्या किडनीला इजा होते आणि बाळ दगावू शकतं. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही गरोदरपणात वापरली जाणारी औषधं आहेत. गोळी चालू असताना दिवस गेल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घाबरून नुसती गोळी बंद करून घरी बसू नका, बदली औषध लागतं.

एक खासगी प्रश्न आहे...

पुरुष हा प्रश्न दुकान रिकामं असताना विचारतात. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल आणि लघवीच्या औषधांनी काहींना लैंगिक अडचण येते. सार्टनने सहसा येत नाही. न उपचारलेल्या बीपीनेही तीच अडचण येते. डॉक्टरांना सांगितलंत तर औषध बदलता येतं, गुपचूप गोळी सोडू नका. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) स्वतःच्या मनाने घेऊ नका. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा प्राझोसिन चालू असेल तरीही त्याने बीपी एकदम उतरू शकतं.

ऑपरेशन आहे, दात काढायचा आहे. काय सांगू?

सगळ्या गोळ्यांची नावं सांगा. भूल द्यायच्या आधी सार्टन एक दिवस थांबवायला सांगतात, मेटोप्रोलॉल मात्र बहुधा चालू ठेवतात. ते भूल देणारे डॉक्टरच ठरवतील. दाताच्या डॉक्टरांना अ‍ॅम्लोडिपिनचं नक्की सांगा, त्याने काहींच्या हिरड्या वाढतात.

घरी बीपी कसं मोजू?

मनगटाचं यंत्र नको, दंडाला पट्टा बांधायचं घ्या. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवा. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडाभर. घरचं १३५-८५ म्हणजे दवाखान्यातलं साधारण १४०-९०. एका आकड्याने डोस बदलायचा नाही, आठवड्याची सरासरी बघायची. नवी गोळी सुरू करून दोन दिवसांत ‘गुण नाही’ म्हणू नका, अ‍ॅम्लोडिपिन अंगात पुरतं भिनायला आठवडा लागतो.

रात्री बीपी १९० आलं. आणखी एक गोळी देऊ?

आधी पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, अचानक दिसेनासं होणं यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा. यांतलं काही नसेल आणि आकडा १८०-१२० च्या वरच राहिला तर त्याच वेळी डॉक्टरांशी बोला. जादा गोळी आपल्या मनाने नको. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर ऐकू नका. बीपी एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो.

जनऔषधी दुकानातली स्वस्त गोळी घेतली तर?

घ्या. औषधांची नावं आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळले पाहिजेत, एवढंच. मी स्वतः दुकानदार असून सांगते, महाग गोळी महिन्यातले दहा दिवस घेण्यापेक्षा स्वस्त गोळी तीसही दिवस घेतलेली बरी. प्राथमिक आरोग्य केंद्रातही बीपीची औषधं मोफत मिळतात. तिथे दोन औषधं दोन वेगळ्या गोळ्यांत मिळाली तर काळजी करू नका, काम तेच. फक्त घरातली एकत्र गोळी मग बंद.

नातवाने आजोबांची गोळी गिळली!

वाट बघू नका. लहान मुलाला अ‍ॅम्लोडिपिनच्या एक-दोन गोळ्याही घातक ठरू शकतात, आणि परिणाम काही तासांनीही दिसतो. मूल खेळतंय म्हणून थांबू नका. उलटी करवू नका, स्ट्रिप बरोबर घेऊन लगेच दवाखान्यात जा.

डॉक्टरांकडे जाताना बरोबर काय न्यायचं?

घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, चालू असलेल्या आणि ‘कधीतरी’ घेतल्या जाणाऱ्यासुद्धा. पावडरी, काढे, तेलंही. मावशीच्या वहीचं पहिलं पान मी आखून दिलं आहे: औषधाचं खरं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कोणी दिलं, कधीपासून. बंद झालेल्या औषधावर ती लाल पेनाने रेघ मारते आणि तारीख घालते. आता फोनवर ‘गोळी घेतलीस का’ विचारलं की ती वही उघडून मला नाव वाचून दाखवते.